समुद्र बंद आहे

७८६
मुहर्रक, बहरीन
२४ जानेवारी १९६८

प्रिय बदरूस,

रुकय्याआपाचा सलाम आणि खूप खूप दुआ. तुझी तब्येत बरी असेल. दोन महिने तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

रेडिओवरची बातमी तूही ऐकली असशील. इंग्रज एकाहत्तर सालाच्या अखेरीस आपली लढाऊ जहाजं, विमानं, पलटणी, सगळं उचलून या समुद्रातून जाणार म्हणे. इथे सध्या दुसरा विषय नाही. समोरच्या किनाऱ्यावरून इराण तर कधीपासून सांगतो आहे, बहरीन आमचाच प्रांत. इंग्रज आहेत म्हणून ते बोलण्यावर राहिलं. उद्या हे गेले की आमच्या या एवढ्याशा बेटाला कोण वाचवणार? चारही बाजूंनी पाणी. पळायचं म्हटलं तरी कुठे?

तुझे दुल्हेभाई त्या दिवशी जुफेरच्या धक्क्यावरून आले ते जेवलेच नाहीत. त्यांचा टग त्याच जहाजांना ओढतो ना! मला म्हणाले, "अजून चार वर्षं आहेत गं." मी म्हटलं, "शत्रूने चार वर्षं थांबावं असं कुणी त्याला सांगितलंय का?" आमच्या घरावरून दिवसभर लढाऊ विमानं जातात. पूर्वी मला त्या आवाजाचा त्रास व्हायचा. आता एखादा दिवस आवाज आला नाही तर मी अंगणात जाऊन वर बघते. झुबेदा शाळेतून नवीनच शिकून आली आहे, म्हणते, "मम्मा, दे आर ओन्ली प्रॅक्टिसिंग." तू तिथे त्यांच्याच कॅम्पात आहेस. तुला खरं काय ते ठाऊक असेल. मला समजेल असं लिही.

दुसरी गोष्ट आपल्या याकूबची. बाणकोटला त्याला काम उरलेलं नाही. नवी होडी कुणी बांधायला घालत नाही, जुन्यांची डागडुजी करून किती दिवस काढणार? जहांआराने दोन पोरांना घेऊन माहेरची वाट धरली होती, समजूत काढून परत आणली. तुझ्या शारजाच्या खाडीवर होड्या बांधायला सुतार लागतात असं ऐकलं. त्याने तुला दोनदा लिहिलं, तू उत्तर दिलं नाहीस म्हणतो. धाकट्या भावाशी असं वागू नये.

तुझी,
रुकय्याआपा


७८६
शारजा
६ फेब्रुवारी १९६८

ती. रुकय्याआपास,

बदरुद्दीनचा सलाम. दुल्हेभाईंना सलाम, झुबेदाला प्यार.

आधी तुझ्या भीतीचं बोलतो. आमच्या लाँचवरच्या सार्जंट डॉसनला मी तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला. माणूस सरळ आहे. त्याने टेबलावर चहाचा मग ठेवला, म्हणाला, हे तुझ्या बहिणीचं बेट. बिस्किटाचा डबा पलीकडे ठेवला, म्हणाला, हा शत्रू. आता मधल्या टेबलावरून डब्याला मगापर्यंत यायचंय. सैन्य पोहत येत नाही, त्याला बोटी लागतात. बोटी गोळा करायच्या, माणसं भरायची, दारूगोळा चढवायचा, याला दिवस लागतात. तेवढ्यात लांब पल्ल्याचं टेहळणीचं विमान वरून सगळं बघून जातं. बोटी निघाल्या की मध्ये लढाऊ जहाज उभं. ते चुकवलं तर वरून हंटर विमानं येतात. जमिनीवरच्या सैनिकाला झाड असतं, दगड असतो, खड्डा असतो. पाण्यावर लपायला काय आहे? निम्मे लोक किनारा बघायच्या आधीच बुडतील, हे समोरच्यालाही कळतं. म्हणून तो निघतच नाही.

मी विचारलं, "मग ही विमानं-जहाजं लढतात कधी?"

तो हसला. म्हणाला, "लढावं लागलं तर आमचं काम बिघडलं असं समज. कुणी निघूच नये, हे आमचं काम."

आपा, मला हे पटलं. तुझ्या डोक्यावरून जी विमानं जातात ती तुला दिसावीत म्हणून नाही, पलीकडच्यांना दिसावीत म्हणून जातात. चार वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही. पण ही बातमी फुटल्यावर इथल्या साहेबांनाही वाटतंय की समोरच्यांना एकदा दाखवून द्यावं, अजून आम्ही इथे आहोत. येत्या महिन्यात मोठा सराव आहे. जहाजं, विमानं, सगळं. एका ओसाड बेटाला 'देश' धरायचं, लाल पार्टीने बोटींतून चढाई करायची, निळ्या पार्टीने ती समुद्रातच मोडायची. कुठे आणि कोणत्या तारखेला ते लिहायची मनाई आहे. आमची लाँच असणारच. माझं काम तेच: गोळीबाराच्या हद्दीत कोळ्यांच्या होड्या आल्या की भोंग्यावरून त्यांना बाहेर घालवायचं. अरबी, फारसी, हिंदी, बलुची, जी लागेल ती भाषा. सार्जंट मला "माय व्हॉइस" म्हणतो.

आता याकूबचं. मी उत्तर दिलं नाही कारण 'नाही' लिहायला हात होत नव्हता. त्याला चोरट्या लाँचने यायचंय. आपा, त्याला म्हणावं, नको. या लाँचमध्ये माणसं मेंढरांसारखी भरतात. किनाऱ्यापासून लांब छातीएवढ्या पाण्यात उतरवतात आणि सांगतात, चालत जा, समोर दिसते तीच दुबई. गेल्या साली एकाला मी स्वतः पाण्यातून ओढून काढला, तो श्वास घेत नव्हता. आणि दुसरं खरं कारणही सांगतो. माझ्या कामावर सारखी चौकशी असते. भाऊ चोरून आला हे कळलं तर मला गेटवरूनच घरी पाठवतील. सार्जंटने शब्द दिलाय, पावसाळ्यानंतर याकूबचे कागद करून देतो म्हणून. तेवढं थांब म्हणावं. मी त्याला वेगळं लिहीत नाही, माझं लिहिणं रागाचं होतं. तू गोड शब्दांत सांग.

तुझा,
बदरू


७८६
मुहर्रक
१६ फेब्रुवारी १९६८

प्रिय बदरूस,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि यांनाही वाचून दाखवलं. मग-डब्याची गोष्ट ऐकून हे हसले, म्हणाले, "तुझ्या भावाने शाळामास्तर व्हायला हवं होतं." मला त्या दिवशी झोप लागली. शेजारच्या म्हातारीलाही मी अरबीत समजावून सांगितलं. ती म्हणाली, इन्शाल्ला, असंच होवो. पण मग तिने विचारलं, "बेटावर यायला निघालेला प्रत्येक जण शत्रूच असतो का? माझा नवरा बसऱ्याहून होडीनेच आला होता."

याकूबला तुझा निरोप कळवला. तो समजूतदार आहे. त्याची काळजी करू नकोस.

ईद जवळ आली. तू दर ईदला त्या बराकीत पठाणांबरोबर जेवतोस, मला इथे घास गिळवत नाही. या ईदला तुझ्याजवळ आपलं कुणी असावं असं फार वाटतं. अल्लाच्या मनात असेल तर होईलही. तू फक्त रागावू नकोस, कुणावरच. मोठ्या भावाने मन मोठं ठेवावं.

तुझा सराव कुठे आहे ते लिहू नकोस, मला काय करायचंय ते जाणून? जपून राहा म्हणजे झालं. दारूगोळ्याच्या जवळ जाऊ नकोस.

तुझी,
आपा


७८६
शारजा
५ मार्च १९६८

ती. आपास,

बदरूचा सलाम. सराव परवा पार पडला, मी सुखरूप आहे. आता सांगायला हरकत नाही, तो खोर फक्कानसमोर होता, डोंगरापलीकडच्या समुद्रात. आमची लाँच वळसा घालून त्या बाजूला नेली होती. किनाऱ्यावर तंबू ठोकून मोठ्या पाहुण्यांची बसायची सोय केली होती, पोलीस होते, कॅमेरे होते.

तू असतीस तर तुझी भीती कायमची गेली असती. लाल पार्टीच्या बोटी क्षितिजावर दिसल्या न दिसल्या तोच विमानं आली. आधी विमान येतं, मग आवाज येतो. निशाणाचे तराफे पाण्यावर सोडले होते, त्यांच्या फळ्या उडून गेल्या. लढाऊ जहाज बेटाआडून पुढे सरकलं आणि त्याने तोफा नुसत्या वळवल्या. बस, तेवढ्यात खलास. जेवणाच्या वेळेआधी लाल पार्टीचे सगळे लोक कागदावर मेले होते. एकही माणूस बेटावर पाय ठेवू शकला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या असं मागून ऐकलं.

मधे एक गोष्ट घडली, ती तुला सांगायलाच हवी. गोळीबाराच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये एक लाँच सरळ हद्दीत येताना दिसली. दुर्बिणीतून बघितलं तर बांधणी आपल्याकडची. लाँचची पुढची नाळ बघूनच कळतं. माणसांनी खचाखच भरलेली, काठ पाण्याला टेकलेला. कुठल्यातरी एजंटने आणलेले आपलेच लोक, खोर फक्कानला उतरायला निघालेले. विमानं वळून परत यायला निघाली होती. सार्जंटने फेरी थांबवायला रेडिओवर सांगितलं आणि मला विचारलं, "कुठे घालवायचे यांना? किनाऱ्याकडे की बाहेर?"

किनारा जवळ होता, आपा. पण किनाऱ्यावर पोलीस रांग लावून उभे. उतरल्या उतरल्या पकडून तुरुंगात टाकले असते आणि पुढच्या बोटीने परत पाठवले असते. घरदार विकून आलेले असतील बिचारे. मी म्हटलं, "बाहेर." मग मी भोंगा घेतला आणि आपल्या भाषेत ओरडलो, "समुद्र बंद आहे! मागे फिरा! गोळीबार आहे! दुपारनंतर उत्तरेला दिब्बा गावाच्या अंगाने या!" ते जरा घुटमळले. एक जण टपावर उभा राहून फडकं हलवत काहीतरी ओरडत होता, बहुतेक मला शिव्या देत असेल. मीही हात हलवला. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि बाहेर गेले. सार्जंटने पाठीवर थाप मारली.

त्या दिवसापासून मन हलकं आहे. एवढी वर्षं मी लोकांना हाकलण्याचंच काम केलं, पण परवा पहिल्यांदा वाटलं की आपल्या माणसांच्या उपयोगी पडलो. याकूबला मुद्दाम कळव, मी लाँचवाल्यांवर चिडतो पण त्यांचा दुश्मन नाही. त्याच्यावरचाही राग गेला.

ईद मुबारक. झुबेदाला माझ्याकडून काहीतरी गोड दे.

तुझा,
बदरू


७८६
मुहर्रक
९ मार्च १९६८, ईद

बदरू,

तुझं पत्र आत्ता मिळालं. हे तार करायला धावले आहेत. पण तारेत हे कसं लिहिणार म्हणून हे पत्र तुमच्या विमानतळावर जाणाऱ्या माणसाच्या हातात देते आहे.

याकूब निघाला आहे. फेब्रुवारीच्या वीस तारखेला त्यांची लाँच सुटली. मला माहीत होतं. तुझा निरोप मी त्याला कळवलाच नाही. मीच त्याला लिहिलं, तू ये, बदरूला मी समजावते, एकदा समोर उभा राहिलास की तो तुला हाकलणार नाही. ईदला तुझ्या दारात अचानक उभं राहायचं असं त्याने ठरवलं होतं. मला शपथ घातली होती, म्हणून तुला कळवलं नाही.

लाँच कुठे लागणार ते एजंटने सांगितलं नव्हतं. त्याच्या शेवटच्या पत्रात एवढंच होतं की लाँचला हिरवा रंग नव्याने दिला आहे आणि टप त्यानेच दुरुस्त केला, म्हणून नाखव्याने त्याला बरी जागा दिली.

बदरू, तू पाहिलीस तिचा रंग कुठला होता? ती नसेलच. लाँच काय एकच येते? पण तू खोर फक्कानला जा. दिब्ब्याला जा. आजच जा. ईदचा दिवस आहे, अल्ला आपल्यावर असा कोपणार नाही.

रुकय्या


७८६
शारजा
२३ मार्च १९६८

ती. आपास,

हिरवी होती.

तार मिळाली त्याच दिवशी निघायला हवं होतं, पण ईदच्या सुट्टीत डोंगरापलीकडे गाडी जात नव्हती. दुसऱ्या दिवशी सार्जंटने स्वतःची लँड रोव्हर काढली. खोर फक्कानमध्ये कुणाला काही ठाऊक नव्हतं. तिथून होडीने दिब्ब्याला गेलो. किनाऱ्यावर कोळ्यांनी माशांचं जाळं वाळत घातलं होतं, त्याच्या शेजारी हिरव्या रंगाच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या, चुलीसाठी. मी त्या फळ्यांकडे बघत उभा राहिलो. एका म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मला हाताला धरून त्याच्या घरी नेलं.

तिथे आपला एक माणूस होता. श्रीवर्धनचा नूरुद्दीन. पायाचं हाड मोडलेलं, म्हाताऱ्याच्या बायकोने फळी बांधून ठेवलं होतं. त्याने मला सगळं सांगितलं. मी तुला जसं ऐकलं तसं लिहितो, कारण एकट्याने ते जवळ ठेवणं मला जमत नाही.

तो म्हणाला, "त्या दिवशी सकाळी लाँचवर पिण्याचं पाणी संपलं होतं. किनारा दिसला तसे लोक रडायला लागले. तेवढ्यात तुमची लाँच आडवी आली. नाखवा म्हणाला, 'मी वळत नाही. समोर जमीन दिसते आहे. आपल्यासारख्या फाटक्या माणसांवर विमानाने कोण गोळी घालणार? चला पुढे.' लोकही म्हणाले, चला. आणि मग आपल्या भाषेत आवाज आला. तुमचा भाऊ टपावर बसला होता, तो ताडकन उठला. म्हणाला, 'अरे थांबा! हा माझा भाऊ आहे! बदरू! मी आवाज ओळखतो!' त्याने डोक्याचं फडकं सोडून हलवायला सुरुवात केली. हाका मारल्या, पण इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार? नाखवा म्हणाला, 'भाऊ असेल तर असू दे. मी जमिनीवर जाणार.' तुमचा भाऊ त्याच्या आडवा झाला. 'तो फिरा म्हणतोय ना, मग फिरा. तो माझ्या वाईटाचं सांगणार नाही. मी जबाबदारी घेतो.' सगळ्यांना ते पटलं. तुम्ही हात हलवलात तेव्हा तर तो हसायला लागला. म्हणाला, 'बघा, ओळखलं त्याने.'"

आपा, मी ओळखलं नव्हतं. सूर्य त्यांच्या मागे होता. मला फक्त एक फडकं दिसलं.

बाहेर गेल्यावर ते उत्तरेला दिब्ब्यापलीकडे गेले आणि दुपारपर्यंत वाट पाहिली. तेल वाचवायला इंजिन बंद ठेवलं. दुपारी ईशान्येचा वारा उठला तेव्हा इंजिन चालू होईना. लाँच दिब्ब्याच्या उत्तरेला कड्याखाली खडकावर आपटली. अजून ऊन होतं. वरच्या गावातल्या बायकांना दिसत होतं, पण तिथे उतरायला वाट नाही. पोहता येत होतं ते काही जण वाचले. याकूबला पोहता येत होतं, तुला माहीत आहे. नूरुद्दीन म्हणतो, तो एकाला धरून बाहेर आणत होता, दोघंही खडकाखाली गेले.

गावकऱ्यांनी जे सापडले त्यांना रीतीने दफन केलं आहे. नमाज पढली. याकूब सापडला होता. नूरुद्दीनने काठी टेकत येऊन मला कबर दाखवली. मी तिथे बसलो. काय पढावं ते मला आठवेना. म्हातारा माझ्या शेजारी बसून पढला.

परतताना सार्जंटने घाटात गाडी थांबवली. मग म्हणाला, "यू डिड इट बाय द बुक, बदर. रॉकेट त्यांच्यावर पडलं असतं तर?" त्याचं खरं आहे. पडलं असतं. मला त्याचा राग आला नाही. त्याने मला विचारलं होतं, किनाऱ्याकडे की बाहेर. बाहेर मी म्हटलं.

त्यानंतर एकदा लाँचवर गेलो. एक बलुच कोळी हद्दीत आला, मी भोंगा तोंडाला लावला आणि घशातून काही निघालंच नाही. सार्जंटने माझ्या हातातून तो काढून घेतला. आता मला स्टोअरमध्ये टाकलं आहे.

जहांआराला अजून लिहिलेलं नाही. तुला सांगितल्याशिवाय लिहिणार नाही.

बदरू


७८६
मुहर्रक
३ एप्रिल १९६८

बदरू,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. आज लिहिते आहे, कारण तू एकटा आहेस.

तू म्हणतोस, बाहेर मी म्हटलं. मी म्हणते, ये असं मी म्हटलं. तुझा निरोप मी त्याला दिला असता तर तो बाणकोटला बसून मला शिव्या देत असता. तू जागेचं नाव लिहिलं असतंस तर मी तार करून एजंटला अडवलं असतं की नसतं, अल्ला जाणे. आपण दोघांनी एकमेकांपासून एकेक गोष्ट लपवली, आणि दोघांनीही ती चांगल्यासाठी लपवली. याहून जास्त मला समजत नाही, आणि समजून घ्यायची ताकदही नाही.

एक गोष्ट हे मला सांगत नव्हते, मग सांगितली. त्या सरावावरून परत आलेलं लढाऊ जहाज यांच्याच टगने धक्क्याला लावलं. खलाशी डेकवर गात होते. यांनी त्यांना हात केला होता. आता हे कामावर जातात, येतात, टगचं नाव काढत नाहीत.

परवा विमानं डोक्यावरून गेली तेव्हा शेजारीण म्हणाली, बघ, आपल्याला भीती नाही. मी तिच्या तोंडावर दार लावलं. तिचं काही चुकलं नव्हतं. आमचं बेट खरंच सुरक्षित आहे, बदरू. कुणी येत नाही.

जहांआराला मी लिहिलं आहे. वादळात लाँच फुटली, तो बुडाला, मुसलमानांच्या हातून दफन झाला. एवढंच. तेवढंच पुरे आहे. आवाजाचं तिला सांगू नकोस. तिने ते ऐकून काय करायचं? दोन पोरं आहेत तिला, दिवस काढायचे आहेत. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

तुझी,
आपा


७८६
बाणकोट, जि. रत्नागिरी
११ मे १९६८

बदरुद्दीन भाईजान यांस,

जहांआराचा सलाम. तुमचं पत्र मिळालं. त्याआधी रुकय्याआपांचंही मिळालं होतं. त्यात आवाजाची गोष्ट नव्हती. तुम्ही लिहिलीत. का लिहिलीत याचा मी बरेच दिवस विचार केला.

आधी मला फार राग आला. पत्र फाडून टाकणार होते. मग वाटलं, इकडे लोक काय काय बोलतात. कुणी म्हणतं एजंटने मारलं, कुणी म्हणतं पोलिसांनी गोळी घातली, एकाने तर सांगितलं की तो तिकडे दुसरं घर करून बसलाय आणि बुडाल्याची खोटी बातमी पाठवलीय. तुमच्या पत्राने एवढं तरी कळलं की शेवटी तो घाबरलेला नव्हता, हसत होता. ते मला कुणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर मी खरं मानलं नसतं.

दोष कुणाला द्यायचा ते माझं ठरत नाही. त्याला जाऊ नकोस असं मीही म्हटलं नव्हतं. घरात पीठ नव्हतं तेव्हा जा असंच माझ्या मनात होतं. तुम्हाला माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि केलं नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल. म्हणून काहीच लिहीत नाही.

त्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या बायकोला माझा सलाम पोचवा. कबरीवर दगड ठेवायला सांगा, वाळू सरकते म्हणतात.

तुम्ही लिहिलंत की पावसाळ्याआधी रजा काढून पोरांना बघायला येतो. एक विनंती आहे, ती वाईट मानू नका. या वर्षी येऊ नका. तुम्हाला परदेशी जाऊन खूप वर्षं झाली, त्यामुळे तुमच्या ध्यानात नसेल, पण तुम्हा दोघा भावांचा आवाज एकच आहे. लग्नानंतर कितीतरी दिवस दारातून कोण बोलतंय ते मला बाहेर येऊन बघावं लागायचं. धाकटी अजून दारात कुणी बोललं की धावत जाते. तुम्ही अंगणातून हाक मारलीत तर ती आधी धावेल, आणि मग तुम्हाला बघेल.

थोडी मोठी होऊ दे तिला. मग या.

जहांआरा